वेळीच पोहोचलेली मदत : इंग्लंडमधील शाळा, कुटुंबे आणि मुलांची सुरक्षितता

यॉर्कशर परगण्यातील ब्रॅडफर्ड हे एके काळी लोकरीच्या गिरण्यांसाठी जगभर प्रसिद्ध असलेले शहर. तेथील शालेय वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली यांनी १९०७ साली सुमारे ४० निर्धन मुले निवडून, त्यांना शाळेच्या दिवसांत सकाळी व दुपारी सकस अन्न देण्याची तजवीज केली. आणि त्या मुलांची वजने ठरावीक दिवशी घेऊन ती, असे अन्न ज्यांना मिळत नव्हते अशा इतर मुलांच्या वजनांशी नेमाने ताडून पाहिली. अन्न मिळू लागताच मुलांचे वजन वाढले यात नवल करण्यासारखे काही नाही. परंतु मध्यंतरी व्हिटसन या ख्रिस्ती सणाची सुटी येऊन शाळा व शाळेबरोबर ते जेवणही बंद पडले, तेव्हा आलेखाची चढती रेषा खाली वळली, आणि शाळा पुन्हा उघडताच ती पूर्ववत चढू लागली. मुलांच्या घरांत काय शिजते आणि काय शिजत नाही याची जी माहिती कोणत्याही आईबापाने आपण होऊन सांगितली नसती, ती शाळेच्या तराजूने दप्तरी लागली.

ही माहिती शाळेच्या हाती येण्याचे मूळ त्याआधीच्या दोन कायद्यांत आहे. १८७० च्या कायद्याने इंग्लंडात सर्वत्र प्राथमिक शाळा उभारण्याची जबाबदारी स्थानिक मंडळांवर टाकली आणि १८८० च्या कायद्याने लहान मुलांची हजेरी सक्तीची केली. त्यासरशी जी मुले तोवर तळघरांत, गिरण्यांच्या आवारांत आणि बोळांत लोकांच्या दृष्टीआड वाढत होती ती सारी एका छपराखाली, एका शिक्षकाच्या डोळ्यांसमोर, रोज सकाळी येऊन बसू लागली. हजेरीपटासाठी बोलावलेल्या त्या मुलांबरोबर त्यांची भूक, त्यांचे फाटके बूट, त्यांचे वाहणारे कान आणि अंगावरचे वळही वर्गात आले. १८९४ साली ब्रॅडफर्डच्या शाळा-मंडळावर निवडून आलेल्या मार्गारेट मॅकमिलन या कर्तबगार बाईंनी, उपाशी आणि आजारी मुलाला अक्षरे शिकविण्याचा आग्रह धरणे म्हणजे मुलाचा छळ आणि सरकारी पैशाचा अपव्यय होय, ही गोष्ट आयुष्यभर निरनिराळ्या व्यासपीठांवरून मांडली; आणि १९०६ साली शाळांतून जेवण देण्याची मुभा देणारा, तर १९०७ साली विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरविणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला. त्या वेळी या कायद्यांना जो कसून विरोध झाला त्यातील मुख्य आक्षेप असा होता की, मुलाला शाळेने जेवू घातले तर बापाची कर्तव्यबुद्धी सैल होईल आणि कुटुंबसंस्थेचा पाया खचेल. हा आक्षेप आज शंभर वर्षांनंतरही वेष पालटून पुढे येतो, म्हणून त्याचा उल्लेख केला. त्याचे उत्तर अनुभवाने दिलेले आहे: गांजलेल्या घराला हात दिल्याने ते घर मोडल्याचे कोठे दिसत नाही, मात्र वेळीच हात न मिळाल्यामुळे मोडलेल्या घरांच्या कथांनी चौकशी-समित्यांची कपाटे भरली आहेत.

आज इंग्लंडमध्ये ज्या व्यवस्थेला ‘अर्ली हेल्प’ म्हणतात ती या जुन्या प्रयत्नांचीच विस्तारलेली शाखा आहे. तिचे कायद्यातील स्थान समजून घ्यावयाचे तर १९८९ च्या ‘चिल्ड्रन अ‍ॅक्ट’ची दोन कलमे ध्यानात ठेवावी लागतात. ज्या मुलाचा विकास विशेष सेवांवाचून खुंटेल त्याला आणि त्याच्या कुटुंबाला साहाय्य करण्याचे कर्तव्य १७ वे कलम स्थानिक प्रशासनावर सोपविते. आणि मुलाला गंभीर इजा पोहोचत आहे किंवा पोहोचण्याचा संभव आहे असा सकारण संशय आला तर त्याच प्रशासनाने चौकशी केलीच पाहिजे असे ४७ वे कलम फर्मावते. अर्ली हेल्पचे क्षेत्र या दोन्ही कलमांच्या अलीकडचे आहे. घरात अडचण उत्पन्न झालेली आहे, तिचा उपसर्ग मुलाला होऊ लागला आहे, परंतु ती अद्याप संकटाच्या पदवीला पोहोचलेली नाही, अशा अवस्थेत कुटुंबाच्या संमतीने जी मदत उभी करावयाची तिचे हे नाव. प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी बालसंरक्षण-व्यवस्थेची समीक्षा करून मे २०११ मध्ये जो अहवाल सादर केला त्यात या मदतीचे समर्थन त्रिविध केले आहे: टाळता येण्याजोगे दुःख टाळणे हे नीतीने प्राप्त आहे, बालवयात निसटलेली संधी पुढे तितक्या सहजतेने हाती येत नाही, आणि उशिरा केलेल्या उपायांपेक्षा वेळीच केलेला उपाय सरकारी तिजोरीलाही स्वस्त पडतो. यांतील तिसऱ्या मुद्द्याचा डंका राजकारणी मंडळी अधिक पिटतात; माझ्या मते पहिला एकटाच पुरेसा आहे.

परंतु हे काम शाळेनेच का करावे? डॉक्टर आहेत, पोलीस आहेत, समाजकार्य-खाते आहे. मग ज्यांना गणित आणि व्याकरण शिकविण्यासाठी नेमले त्यांच्यावर हा भार कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर व्हिक्टोरिया क्लिंबिए या आयव्हरी कोस्टमधील मुलीच्या मृत्यूने अत्यंत कठोरपणे दिले. चांगले शिक्षण मिळावे या आशेने आईबापांनी तिला एका नातेवाईक बाईच्या हवाली करून युरोपात पाठविले. पॅरिसजवळ राहत असता ती जेथे शिकत होती त्या शाळेने तिच्या वाढत्या गैरहजेरीची दखल घेऊन मुलगी धोक्यात असल्याची सूचना अधिकाऱ्यांना दिली होती. परंतु एप्रिल १९९९ मध्ये तिला लंडनला आणले गेले, आणि लंडनमध्ये तिचे नाव कोणत्याही शाळेत घातले गेले नाही. फेब्रुवारी २००० मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, ती मरण पावली तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमांच्या खुणा आढळल्या. चार समाजकार्य-विभाग, दोन रुग्णालये, पोलिसांची दोन बालसंरक्षण-पथके यांच्या दप्तरात तिचे नाव होते, आणि या मृत्यूची चौकशी केलेल्या लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालाने दाखवून दिले की तिला वाचविण्याच्या निदान बारा संधी या खात्यांना मिळाल्या होत्या. या सर्वांनी तिला अधूनमधून पाहिले. मात्र काल कशी होती आणि आज कशी आहे हे सांगू शकणारा, तिला रोज पाहणारा मनुष्य त्या शहरात एकही नव्हता. तो मनुष्य म्हणजे वर्गशिक्षक. शाळेकडे हे काम आले ते शिक्षक इतरांहून अधिक शहाणे असतात म्हणून नव्हे, तर सोमवारच्या मुलाची शुक्रवारच्या मुलाशी तुलना करण्याची सोय दुसऱ्या कोणाजवळच नाही म्हणून.

रोज पाहणे मात्र स्वतः पुरेसे नसते, हे त्यानंतर बारा वर्षांनी कॉव्हेंट्री शहरात दिसून आले, आणि ती हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. डॅनिएल पेल्का हा पोलिश कुटुंबातील चार वर्षांचा मुलगा सप्टेंबर २०११ मध्ये शाळेत दाखल झाला. तो दुसऱ्या मुलांच्या डब्यांतील अन्न उचलीत असे, कचऱ्याच्या डब्यात पडलेले फळ काढून खात असे. आईने शाळेला सांगितले की त्याला खाण्यासंबंधी विकार आहे, त्याला अधिक खाऊ देऊ नका. आणि शाळेने त्या सांगण्यावर विश्वास ठेवून खाद्यपदार्थ कुलपात ठेवण्याची व्यवस्था केली. त्याच्या चेहऱ्यावरील व अंगावरील खुणा वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीस वेगवेगळ्या दिवशी पडल्या होत्या. शाळेत येण्यापूर्वी त्याचा हात मोडला होता आणि त्याची तपासणी रुग्णालयात झाली होती. घरातील मारहाणीच्या तक्रारींमुळे पोलीस त्या दारी वारंवार जाऊन आले होते. मार्च २०१२ मध्ये तो डोक्याला झालेल्या दुखापतीने मरण पावला, तेव्हा त्याचे वजन सुमारे दहा किलो होते. आई आणि तिचा सोबती यांना जन्मठेप झाली.

सप्टेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रकरणाच्या अहवालात जे दोष दाखविले आहेत ते क्रौर्याचे नाहीत. ते साध्यासुध्या, सद्हेतू बाळगणाऱ्या माणसांकडून घडणारे आहेत, आणि म्हणूनच प्रत्येक शाळेने ते वाचावेत असे मला वाटते. ज्याने जखम पाहिली त्याला भुकेची गोष्ट ठाऊक नव्हती, ज्याला भूक ठाऊक होती त्याला पोलिसांच्या फेऱ्या ठाऊक नव्हत्या. सगळ्या गोष्टी कोणी एकत्र मांडल्या नाहीत, आणि आईने दिलेल्या खुलाशाची रुजवात कोणी केली नाही. सर्वांत मोठी गोष्ट अशी की, त्या मुलाशी त्याच्या घराविषयी, त्याला कळेल अशा भाषेत, कोणी एकदाही बोलल्याची नोंद सापडली नाही. तो इंग्रजी फारशी बोलत नव्हता, आणि त्याची पोलिश ऐकावयास कोणी बसले नाही.

या आणि अशा प्रकरणांच्या अनुभवातून आजची कार्यपद्धती घडली आहे. २००२ च्या शिक्षण-कायद्याच्या १७५ व्या कलमाने मुलांच्या सुरक्षिततेची व कल्याणाची जबाबदारी स्थानिक प्रशासनाबरोबरच शाळांच्या नियामक मंडळांवरही घातली. आणि २०१४ पासून शिक्षण-खाते ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या नावाची जी मार्गदर्शिका वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध करते तिचा प्रारंभीचा भाग मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने वाचलाच पाहिजे असा दंडक आहे. जेवण वाढणाऱ्या बाईलाही ही ताकीद लागू आहे, आणि ते योग्यच आहे, कारण कोणते मूल ताट चाटूनपुसून खाते आणि सोमवारी दुसऱ्यांदा वाढून मागते हे मुख्याध्यापकाच्या आधी तिला कळते. प्रत्येक शाळेत ‘डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड’ म्हणजे सुरक्षेचा प्रमुख असा एक वरिष्ठ पदाधिकारी नेमलेला असतो. त्याला दर दोन वर्षांनी नवे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि शाळेतील प्रत्येक शंका, ती कितीही क्षुल्लक भासो, त्याच्यापर्यंत लेखी पोहोचली पाहिजे असा परिपाठ आहे.

नोंद कशी करावी याचेही शास्त्र बनले आहे. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहावयाचे, आपल्या भाषेत ‘सुधारून’ नव्हे. त्याला सूचक प्रश्न विचारावयाचे नाहीत. ‘बाबांनी मारले का?’ असे विचारण्याऐवजी ‘काय झाले ते मला सांग’ असे म्हणून थांबावयाचे. अंगावरची खूण मानवाकृतीच्या छापील रेखाटनावर योग्य जागी दाखवावयाची. आणि ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही द्यावयाचे नाही. कारण ते पाळले तर मूल धोक्यात राहते, आणि मोडले तर मोठ्या माणसांवरचा त्याचा उरलासुरला विश्वास नाहीसा होतो. वचन न देता धीर देणे ही अवघड कला आहे, आणि ती साधणाऱ्या शिक्षकांविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

समजा, नऊ वर्षांची एक मुलगी आठवड्यातून दोन-तीनदा उशिरा येते, वर्गात पेंगते, गृहपाठ करीत नाही. जुन्या शिस्तीप्रमाणे तिला शिक्षा झाली असती आणि आईबापांना सक्त पत्र गेले असते. अर्ली हेल्पच्या पद्धतीत प्रथम नोंदी जुळविल्या जातात. उशीर ठरावीक वारींच होतो असे दिसते. मग ज्या शिक्षिकेशी आईचे सलोख्याचे बोलणे आहे ती फाटकाशी तिला गाठून चहाला बोलावते. तेथे कळते की आई रुग्णालयात रात्रपाळीने सफाईचे काम करते, बाप निघून गेला आहे, धाकट्या भावाला दम्याचा त्रास आहे कारण भाड्याच्या खोलीच्या भिंतींना ओल आहे, आणि रात्री त्याला धाप लागली की उठून औषध देण्याचे काम ही मुलगी करते. या घरात अत्याचार नाही, दुष्टपणा नाही, उलट तिघांचे एकमेकांवर निस्सीम प्रेम आहे. परंतु हे असेच दोन वर्षे चालले तर मुलीचे बालपण आणि शिक्षण दोन्ही संपतील.

येथे आईच्या संमतीने एक मूल्यमापन लिहिले जाते. मुलाच्या विकासाच्या गरजा, पालकांचे सामर्थ्य, आणि घर व परिसराची स्थिती अशा तीन अंगांनी त्यात विचार होतो. आणि त्यात उणिवांबरोबर कुटुंबाची बलस्थानेही लिहावयाची असतात, हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या कागदावर आपले सारे अपयशच मांडले आहे त्यावर सही करावयास कोणती आई राजी होईल? मग संबंधित माणसे एका मेजाभोवती बसतात: शाळेची परिचारिका, गृहनिर्माण-विभागाचा कारकून, कुटुंब-साहाय्यक कार्यकर्ती, आणि अर्थातच आई, तिच्या गैरहजेरीत तिच्याविषयी ठराव करावयाचे नसतात. या मंडळाला ‘टीम अराउंड द फॅमिली’ म्हणतात. त्यांतील एकाला प्रमुख कार्यवाह नेमतात, ज्यायोगे त्या बाईला आपली कैफियत पाच कचेऱ्यांत पाच वेळा सांगावी लागू नये. कोणी काय करावयाचे आणि केव्हापर्यंत, हे लिहून ठेवतात: ओल असलेल्या खोलीविषयी घरमालकाकडे तगादा, भावासाठी दम्याची योजना, मुलीला शाळेच्या सकाळच्या न्याहारी-वर्गात जागा, तिच्यासारख्या ‘यंग केअरर’ म्हणजे घरातील आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या मुलांच्या मंडळात प्रवेश. काही आठवड्यांनी पुन्हा बैठक, आणि काम झाले नसेल तर का झाले नाही याचा जबाब. यात विस्मयकारक असे काहीच नाही. या मदतीचे घटक इतके साधे असतात की, ते वेळेवर मिळू नयेत याचेच दुःख व्हावे.

मात्र ही मदत ऐच्छिक असते, आणि येथेच तिचे सामर्थ्य व तिची अडचण दोन्ही आहेत. आईने ‘नको’ म्हटले तर शाळेला सक्ती करता येत नाही. परंतु नकार मिळाला तरी जर असे दिसले की मुलाच्या अंगावर जखमा आहेत किंवा ते उपाशी ठेवले जात आहे, तर संमतीचा प्रश्नच उरत नाही. शाळेने तत्काळ समाजकार्य-विभागाला कळवावे लागते, आणि पुढे काय करावयाचे याचा निर्णय तेथील कार्यकर्त्याने कामकाजाच्या एका दिवसाच्या आत घ्यावयाचा असतो. म्हणजे जी शिक्षिका आज चहा पाजून मदतीचा हात पुढे करते, तिलाच उद्या कदाचित त्या घराविरुद्ध कागद लिहावा लागेल. ही दुहेरी भूमिका सोपी नाही, आणि ती नाकारण्यातही अर्थ नाही. पालकांना ती पहिल्याच दिवशी सरळ सांगावी, हाच प्रामाणिक मार्ग आहे. आणि ज्या शाळा तो अवलंबितात त्यांच्याकडे लोक आपण होऊन येतात.

प्लिमथ येथे २०११ साली एक मुख्याध्यापिका व पोलीस-दलातील तिचे पती यांनी मिळून सुरू केलेला ‘ऑपरेशन एन्कम्पस’ हा उपक्रम या सर्व व्यवस्थेतील मला सर्वांत हृद्य वाटणारा भाग आहे. रात्री एखाद्या घरी मारहाणीची तक्रार येऊन पोलीस गेले, आणि त्या घरात शाळेत जाणारे मूल असले, तर दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी पोलिसांनी शाळेतील नियुक्त व्यक्तीस तेवढे कळवावयाचे. शाळेने चौकशी करावयाची नाही, मुलाला काही विचारावयाचे नाही. फक्त त्या दिवशी त्याचा गणवेश नसला तर दुर्लक्ष करावयाचे, गृहपाठ मागावयाचा नाही, त्याने न्याहारी केली आहे ना ते पाहावयाचे, आणि त्याला बोलावेसे वाटले तर जवळ कोणी असेल अशी काळजी घ्यावयाची. इंग्लंड व वेल्समधील सर्व पोलीस-दले आता या पद्धतीत सामील आहेत. २०२१ च्या कौटुंबिक अत्याचारविषयक कायद्याने, घरातील मारहाण पाहणारे किंवा ऐकणारे मूल हे साक्षीदार नसून स्वतःच पीडित आहे हे मान्य केले. शाळांना ते त्याआधी दहा वर्षे उमगले होते.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ही सारी यंत्रणा एकाएकी दृष्टिहीन झाली. धोक्याच्या परिस्थितीतील मुलांसाठी व अत्यावश्यक सेवेतील लोकांच्या मुलांसाठी शाळा उघड्या ठेवण्यात आल्या होत्या, परंतु ज्यांना येणे सर्वांत आवश्यक त्यांतील कितीतरी आलीच नाहीत. पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत मोफत जेवणाची पात्रता असलेल्या मुलांनी काय खावयाचे, हा प्रश्न जूनमध्ये मार्कस रॅशफर्ड या तरुण फुटबॉलपटूने खासदारांना जाहीर पत्र लिहून विचारला. तो स्वतः लहानपणी अशाच जेवणावर वाढला होता. दुसऱ्याच दिवशी सरकारने आपला निर्णय फिरविला, आणि २०२१ पासून सुट्यांतील अन्न व खेळ यांची योजना इंग्लंडभर लागू झाली. क्राउली यांच्या आलेखातील सुटीतल्या घसरणीला सरकारी उत्तर मिळावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

साथीनंतर एक नवी चिंता वाढली आहे. वर्षातील दहा टक्के किंवा त्याहून अधिक हजेरी चुकविणाऱ्या मुलांचे प्रमाण पूर्वी सुमारे दहात एक होते. २०२२-२३ मध्ये ते पाचात एक झाले. आणि काही मुले तर पटावरूनच काढून नेली जातात. वोकिंग येथील सारा शरीफ या दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावरील खुणा पाहून तिच्या शाळेने मार्च २०२३ मध्ये वर्दी दिली होती. ते प्रकरण काही दिवसांतच मिटविण्यात आले. एप्रिलमध्ये घरीच शिकविण्याचे कारण देऊन तिला शाळेतून काढण्यात आले, आणि ऑगस्टमध्ये तिचा खून झाला. घरी शिकविणे हा पालकांचा हक्क इंग्लंडात जुना व मानलेला आहे, आणि असंख्य आईबाप तो निष्ठेने बजावितात. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात, ज्या मुलाविषयी ४७ व्या कलमाची चौकशी चालू आहे त्याला पटावरून काढण्यास स्थानिक प्रशासनाची परवानगी लागावी आणि शाळेबाहेरील मुलांची नोंदवही ठेवावी, अशी तरतूद सुचविली गेली. मला ती न्याय्य वाटते. ज्या घराविषयी संशय उभा आहे त्या घराने मुलाला रोज पाहणारे एकमेव डोळे आपल्या मर्जीने मिटवावेत, हे कोणत्याही हक्काच्या नावाखाली समर्थनीय नाही.

पैशाविषयी थोडक्यात, पण स्पष्ट लिहिले पाहिजे. १९९९ पासून ‘शुअर स्टार्ट’ नावाची जी बाल-कुटुंब केंद्रे उघडली गेली त्यांची संख्या एके काळी साडेतीन हजारांवर गेली होती. २०१० नंतरच्या दशकात निधी आटला आणि शेकडो केंद्रे बंद झाली किंवा नावापुरती उरली. लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ने नंतर दाखवून दिले की अशा केंद्राजवळ वाढलेल्या मुलांना पुढे रुग्णालयात कमी वेळा जावे लागले आणि शालान्त परीक्षेत त्यांचे गुण अधिक आले. दरम्यान प्रशासनाच्या ताब्यात ठेवाव्या लागणाऱ्या मुलांची संख्या इंग्लंडात ८० हजारांवर पोहोचली, आणि त्यांच्या संगोपनाचा खर्च प्रतिबंधक मदतीचा पैसा गिळू लागला. ज्या मुख्याध्यापकांच्या हाती बैठक बोलाविण्याचा अधिकार आहे पण ज्यांच्या परिसरात कुटुंब-साहाय्यक कार्यकर्ती उरलेली नाही, त्यांची योजना कागदावरच राहते; यात त्यांचा कसूर नाही.

या व्यवस्थेशी तेथील मराठी कुटुंबांचाही संबंध येतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले. परंतु अलीकडच्या दोन-तीन दशकांत संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने स्लाव, हाउन्स्लो, हॅरो, रेडिंग अशा गावी जी मराठी कुटुंबे गेली त्यांच्या संसारात आजी नाही, आत्या नाही, हाक मारताच धावून येणारी शेजारीण नाही. बाळंतपणानंतरची उदासी, नोकरी गेल्याची धास्ती, पतिपत्नींतील अबोला ही दुखणी तेथे चार भिंतींत अधिक तीव्र होतात, आणि शाळेचे पत्र आले की ‘लोक काय म्हणतील’ याबरोबर व्हिसाची भीतीही मनात येते. म्हणून काही गोष्टी येथे नमूद करतो. अर्ली हेल्पची बैठक ही फिर्याद नव्हे. ज्या व्हिसावर सरकारी भत्ते घेण्यास मनाई असते त्या मनाईच्या यादीत शाळेतील जागा किंवा १७ व्या कलमाखालील साहाय्य येत नाही. पहिल्या तीन इयत्तांतील मुलांना सरकारी शाळांत दुपारचे जेवण २०१४ पासून सरसकट मोफत आहे, आणि लंडनमध्ये २०२३ पासून सर्व सरकारी प्राथमिक शाळांतून ते मिळते; त्यासाठी पालकांचे उत्पन्न पाहिले जात नाही. मुलावर हात उगारणे स्कॉटलंडमध्ये २०२० पासून व वेल्समध्ये २०२२ पासून पूर्णतः बेकायदा आहे. इंग्लंडात ‘वाजवी शिक्षे’चा बचाव कायद्यात अद्याप शिल्लक असला तरी ‘आईने मारले’ असे मूल वर्गात बोलले तर शिक्षकाने ते लिहून ठेवलेच पाहिजे, आणि तसे लिहिल्याबद्दल त्याच्यावर रोष धरू नये. बैठकीची वेळ येईल तेव्हा, जी आई मराठीतूनच मन मोकळे करू शकते तिने आधीच शाळेकडे दुभाष्याची मागणी करावी. आणि ज्या मुलासाठी ती बैठक भरते त्यालाच मध्ये बसवून त्याच्या तोंडून घराची दुःखे इंग्रजीत वदवून घेण्यास तिने, शाळेने सुचविले तरी, साफ नकार द्यावा.